लोणच्याच्या बरणीला बॉल द्या!

"चार-चार जणी एका बॉलवर! आणि माझी पोरगी काय नुसते धक्के मारायला ठेवलीय?" विन्सेंटने जेवणाच्या टेबलावर लोणच्याची बरणी आपटली.

बरणी म्हणजे एमा. मीठ, केचप आणि जॅम म्हणजे बाकीच्या तिघी. वसईत आयुष्यभर क्रिकेट खेळलेल्या विन्सेंटला लेकीचं हे अमेरिकन फुटबॉल कळायला अख्खा हिवाळा लागला होता; पण आता परदेशातल्या या क्रेगीबर्नात ते आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. बॉल काखेत मारून गर्दी फोडत पळते ती रनिंग बॅक. एमाच्या क्लबात अशा चौघी, म्हणून कोच शॉन एमाला बाकीच्यांची वाट मोकळी करायला लावायचा.

"डॅडी, इट्स फाइन," एमा म्हणाली. पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं आणि ते विन्सेंटला बघवेना.

त्याने प्रॅक्टिसला जाऊन शॉनचं इतकं डोकं खाल्लं, की शेवटी तो म्हणाला, "ओके मेट, रविवारी देतो तिला बॉल. नाही जमलं तर परत धक्के. मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

रविवारी विन्सेंट कुंपणाला चिकटून उभा राहिला. एमा कधी कुठून पळणार, हे त्याला बरण्यांवर पाठ झालं होतं. इथे मराठी कुणाच्या बापाला कळतंय, या भरवशावर तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "एमा, डावीकडून! डावीकडून घुस!"

एमा डावीकडून घुसली. समोरच्या टीमची एक ठेंगणी पोरगी तिथे आधीच हजर. एमा आडवी.

"आता मधून! सरळ मधून!"

ठेंगणी मधे. एमा पुन्हा आडवी.

"देवा, पोरगी आहे का भूत?"

"तू जरा गप्प बसशील?" बायको लिझा म्हणाली.

"अगं, धीर देतोय तिला!"

शॉनने मान हलवली आणि एमाला पुन्हा धक्क्यांवर पाठवलं. विन्सेंटने कुंपणावर मूठ आपटली. एमाने मात्र पुढच्याच खेळीत सगळा राग ठेंगणीवर काढला. ठेंगणी उताणी पडली आणि कळवळली, "आई गं! कंबरडं मोडलं माझं!"

विन्सेंटचे कान आधी टवकारले, मग लाल झाले. लेकीला त्यानेच बुडवलं होतं, तेही गळा फाडून.

तो धापा टाकत शॉनकडे गेला. सगळं ऐकून शॉन इतका हसला की त्याची टोपी खाली पडली. "एक चान्स, मेट. शेवटचा."

मॅच संपत आली होती आणि एमाची टीम अजून मागे होती. शॉनने एमाला डावीकडून जायला सांगितलं. विन्सेंटने छातीत हवा भरली. "एमा, उजवीकडून! बॉल तुलाच, उजवीकडून जा!"

ठेंगणी उजवीकडे सुटली, आणि जाता जाता मैत्रिणींनाही घेऊन गेली. एमाला लहानपणापासून बापाचं न ऐकण्याची सवय, ती आज कामी आली. डावीकडे रान मोकळं होतं. ती पळाली, पळत राहिली आणि रेषेपलीकडे जाऊनच पडली. मॅच एमाच्या टीमची! मैदान दणाणलं. बाकीच्या तिघींनीच तिला खांद्यावर घेतलं. "नेक्स्ट मॅचला पहिली एमाच!" शॉन ओरडला. विन्सेंट कुंपण धरून ढसाढसा रडला आणि त्याची त्याला जराही लाज वाटली नाही.

तेवढ्यात ठेंगणी लंगडत आली. "काका, ही चीटिंग आहे हं! मी मंजिरी, पुण्याची."

"अगं, फार लागलं का? चल घरी, लिझाने पोर्क केलंय."

"येते की. आणि काका, आमच्याकडे रनिंग बॅक पाच जणी आहेत, मला कुणी बॉलला हातही लावू देत नाही. पुढच्या सीझनला तुमच्या क्लबात येऊ? शॉनचं थोडं डोकं माझ्यासाठीपण खाल?"

मैत्रिणींच्या खांद्यांवरून हात हलवणाऱ्या एमाकडे विन्सेंटने पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"हळू बोल गं. तिला मराठी कळतं."