अनवाणी रोपवे

कळमजाई देवस्थानाचं पत्र येऊन बावीस दिवस झाले होते आणि भगीरथ विशे यांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्यांनी कपाटात शब्दकोशाखाली ठेवलं होतं. दिवसातून दोनदा ते शब्दकोश उचलत, पत्र जागेवर आहे ना ते पाहत आणि पुन्हा झाकून ठेवत. मुरबाडच्या वाचनालयात एकतीस वर्षं त्यांनी लोकांना पुस्तकं काढून दिली होती, पण स्वतः दोन ओळी लिहायच्या म्हटलं की मायन्यालाच त्यांना घाम फुटे. पुतण्याच्या लग्नाचं अभिनंदन त्यांनी इतक्या वेळा खोडून लिहिलं, की ते पोचलं तेव्हा पुतण्याच्या घरी बारसं चाललं होतं.

या वेळी मात्र अडचण भाषेची नव्हती. चपलांची होती.

या चपला त्यांच्या पत्नीने, शकूबाईंनी, म्हसा गावच्या जत्रेत घेतल्या. भगीरथरावांचा पाय आठ नंबरचा, चपला सात नंबरच्या. "चामडं हाय, सैल होतं वापरून," असं शकूबाई म्हणाल्या. यावर बोलण्यासारखं बरंच होतं. भगीरथराव बोलले नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि पाय सैल होण्याची वाट पाहू लागले.

चैत्रात शेजारच्या जैतूने टूम काढली. माळशेज घाट चढून पलीकडे कळमजाईच्या डोंगरावर नवा रोपवे झाला होता. "पायऱ्या चढायची भानगड नाय भाऊ. पेटीत बसायचं, डोळं मिटायचं, उघडलं की देवी." जैतूकडे टेम्पो होता, त्यामुळे त्याच्या टुमेला वैशाखरे गावात कुणी सहसा नाही म्हणत नसे. शकूबाई निघाल्या. पलीकडच्या आळीतली पंच्याहत्तर वर्षांची भिमाआजी निघाली. भगीरथरावांनी आदल्या दिवशी विश्वकोशात 'रज्जुमार्ग' ही नोंद शोधून वाचली. दोर किती तारांचा असतो, तो झिजतो कसा, हे सगळं त्यांना नीट समजलं, आणि त्यामुळेच घाटातल्या एकाही वळणावर त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी रोपवेच्या स्टेशनात ही रांग. लोखंडी कठड्यांतून आत-बाहेर वळत ती तासभर सरकत होती. भगीरथरावांची टाच सोलवटली. वर दोराकडे बघवेना, खाली पायांकडे बघवेना. अगदी पेट्या येतात त्या फळीजवळ पोचल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी दोन्ही चपला हळूच काढल्या आणि कठड्याला लावून ठेवल्या. मिनिटभर पायांना वारा लागला की परत घालू, एवढाच त्यांचा विचार होता.

मागे भिमाआजी उभी होती. तिने ते पाहिलं, चटकन कानाच्या पाळ्या धरल्या आणि आपल्या स्लिपर काढून शेजारी ठेवल्या.

"काय वो भाऊ," जैतूने मागून विचारलं, "हितंच काढायच्या का चपला?"

भगीरथरावांनी 'नाही रे, चावतात' असं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात पेटी आली. ती पुरती थांबत नव्हती, नुसती मंदावत होती. "चला चला, चौघं बसा, थांबू नका!" असं ओरडत तिथल्या कामगाराने त्यांना पाठीला हात लावून आत लोटलं. मागोमाग भिमाआजी, जैतू आणि रांगेतला एक अनोळखी तरुण आत पडले. दार लागलं. भगीरथरावांचं तोंड अजून उघडंच होतं. काचेतून त्यांनी मागे पाहिलं, तर रांगेतली माणसं एकामागून एक वाकत होती. शकूबाईही वाकल्या होत्या.

पेटी तरंगली. खाली झाडांचे शेंडे, मग नुसता उतार, मग काहीच नाही.

"वाशिंदचा मी. मितेश," तरुण म्हणाला. त्याच्या पायांत पांढरेशुभ्र नवे बूट होते. "काका, घाबरू नका. एकदम सेफ असतं."

"तू नाय काढलंस बूट?" भिमाआजीने विचारलं.

"काढायचे होते? बोर्ड तर नव्हता कुठं."

"बोर्ड कशाला लागतो रं? ही देवीचीच पेटी ना? भगीरथानं काढल्या. वाचलेला मानूस हाय तो, उगीच नाय काढनार."

मितेशने भगीरथरावांकडे पाहिलं. आता बोलायलाच हवं, असं भगीरथरावांनी ठरवलं. त्यांनी घसा साफ केला, आणि पेटी थांबली.

ती अशी थांबली, की पुढे झुलली, मागे झुलली आणि मग तिथेच लोंबत राहिली. दोर करकरला. विश्वकोशातली ती नोंद भगीरथरावांच्या डोळ्यांसमोर परिच्छेदांसकट उभी राहिली.

"लाइट गेली असंल," जैतू म्हणाला, पण त्याने सीटची कड घट्ट धरली होती.

"लाइट नाय न् काय नाय," भिमाआजी म्हणाली. तिची नजर पांढऱ्या बुटांवर होती. "ठेव तुजी लाइट. मी बसल्यापासनं सांगते."

"आजी, बुटांनी रोपवे बंद पडतो काय?" मितेश हसला. पेटी पुन्हा जराशी झुलली. तो हसायचा थांबला. त्याने दोन्ही पाय जमिनीवरून उचलून घेतले.

"पाय उचलून भागतंय व्हय? काढ."

त्याने बूट काढले आणि मांडीवर घेतले.

"मांडीवर? देवीच्या म्होरं कातडं मांडीवर घेऊन जातोस?"

"मग ठेवू कुठं?"

भिमाआजीने सरकत्या काचेच्या फटीकडे बोट दाखवलं.

मितेशने जैतूकडे पाहिलं. जैतू दोराकडे पाहत होता. मितेशने भगीरथरावांकडे पाहिलं. भगीरथरावांनी मान हलवली. 'टाकू नको' असंच त्यांना म्हणायचं होतं, पण पेटी झुलत असल्यामुळे ती मान कुठल्याही अर्थाने घेता आली असती. मितेशने डोळे मिटले आणि एक बूट फटीतून बाहेर सोडला. पांढरा ठिपका गरगरत खालच्या झाडीत गेला.

पेटी निघाली.

"बग!" भिमाआजीने हात जोडले. जैतूनेही जोडले. दुसरा बूट छातीशी धरलेल्या मितेशनेही एका हाताने जमेल तेवढं जोडलं. आता चपला चावत होत्या असं सांगणं म्हणजे त्या एका बुटाच्या मालकाच्या तोंडावर सांगणं होतं. भगीरथराव खिडकीबाहेर बघू लागले. भीती वाटायला आता जागाच उरली नव्हती.

वर स्टेशन ते देऊळ अडीचशे पावलांचा उघडा कातळ होता. बारा वाजले होते. पेटीमागून पेटी येत होती आणि प्रत्येक पेटीतून अनवाणी माणसं उतरत होती. उतरली की उड्या मारत होती. कुणी टाचांवर, कुणी दुसऱ्याच्या सावलीत. देवळात पोचल्यावर मात्र जो तो घामाघूम चेहऱ्याने म्हणत होता, की असं दर्शन आजवर झालं नव्हतं.

देवस्थानाचे चिटणीस ओट्यावरून हे पाहत होते. "हे कुणी सुरू केलं?" त्यांनी विचारलं.

भिमाआजीने, जैतूने आणि एकच बूट उरलेल्या मितेशने एकदमच बोट दाखवलं. चिटणिसांनी भगीरथरावांचं नाव-गाव लिहून घेतलं आणि त्यांच्यासोबत फोटो काढला. फोटोत भगीरथराव एका पायावर उभे आहेत. बघणाऱ्याला ती तपश्चर्या वाटते.

खाली आल्यावर चपलांचा कमरेएवढा ढीग झाला होता. लोक जोड्या लावता लावता हमरीतुमरीवर आले. भगीरथरावांना आपल्या चपला लगेच सापडल्या. त्या पळवाव्यात असं कुणालाच वाटलं नव्हतं.

टेम्पोत शकूबाई त्यांच्याशेजारी बसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं नव्हतं. "आवो," त्या हलकेच म्हणाल्या, "येवढ्या मान्सांत तुमालाच कसं वो सुचलं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. भगीरथरावांनी 'अं' केलं.

मग पुढचं आपोआप झालं. शकूबाईंनी वैशाखऱ्यात सांगितलं. हळदीकुंकवाला त्यांना पहिला मान मिळू लागला. एरवी "ह्यांना काय, पुस्तकं!" असं म्हणणाऱ्या शकूबाई "ह्यांचं वाचन आतून हाय" असं म्हणू लागल्या. चहात आलं पडू लागलं. आणि एक दिवस देवस्थानाचं पत्र आलं. आपण सुरू केलेली प्रथा भाविकांनी उचलून धरली आहे, तरी त्यामागचा आपला विचार दोन पानी लिहून पाठवावा, तो दगडी फलकावर कोरून खालच्या स्टेशनात लावू, आणि वैशाखी पौर्णिमेला आपला सपत्नीक सत्कार करू, असं त्यात लिहिलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं लिखाण मागितलं होतं, तेही दगडात. आणि लिहिण्यासारखं खरं एकच वाक्य होतं. ते लिहिलं की शकूबाईंचा मान गेला, त्या नजरेसकट. नाही लिहिलं तर त्या कातळावर माणसं भाजत राहणार. भगीरथराव शब्दकोश उचलत आणि ठेवत.

तेविसाव्या दिवशी शकूबाईंनी त्यांना कोरफड घेऊन भिमाआजीकडे पाठवलं. आजी ओटीवर पाय पसरून बसली होती. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, काही फुटले होते.

"दर मंगळवारचं धरलंय," ती आनंदाने म्हणाली. "जैतूचा टेम्पो मिळतो. आता घरापासनंच अनवानी जाते. तुज्यामुळं रं भगीरथा. न्हायतर मला अडानीला कोन सांगनार व्हतं?"

"आजी, ते... तसं काही नसतं. चपला घातल्या तरी चालतात."

"मोठा मानूस तू. तुजं मोठेपन हाय ते," आजी म्हणाली आणि भाजलेला पाय तिने कोरफडीसाठी पुढे केला.

भगीरथराव घरी आले ते थेट टेबलाशी बसले. संध्याकाळपर्यंत सहा कागद गेले. सातव्यावर पत्र उतरलं. ते हातात घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. शकूबाई तांदूळ निवडत होत्या.

"शकू, रोपवेच्या दिवशी माझ्या मनात देवीबिवी काही नव्हती. चप्पल चावत होती, म्हणून काढली."

शकूबाईंचा हात सुपात थांबला.

"पत्रात तेच लिवलंय?"

"हो."

"वाचा."

भगीरथराव वाचू लागले. सत्काराला आपण पात्र नाही, हे त्यांनी वाचलं. अनवाणी जाण्याची प्रथा कृपया बंद करावी, लोकांचे पाय भाजतात, हे वाचलं. शकूबाई खाली मान घालून ऐकत होत्या. भगीरथरावांना वाटलं, चाळीस वर्षांत मिळालेले हे थोडे दिवस आता संपले. "'त्याचं कारण इतकंच,'" ते कसेबसे वाचत राहिले, "'की माझ्या पत्नीने जत्रेत घाईत घेतलेल्या चपला मला एक नंबर लहान...'"

"थांबा." शकूबाईंनी मान वर केली. "ह्ये काय लिवलंय?"

"खरं तेच..."

"घाईत? तासभर बसलेले मी त्या दुकानात! आन् लहान कुठं व्हत्या? टेम्पोत पाय लोंबते ठेवून तुमचंच पाय सुजलं."

"शकू, माझा पाय लग्नापासून आठचा आहे."

"ते देवस्थानवाले काय म्हनतील? चाळीस वर्सं संसार केला न् बाईला नवऱ्याच्या पायाचं माप म्हाईत नाय? आदी ते खोडा."

भगीरथराव गोंधळले. "आणि बाकीचं? सत्कार, तुझा मान... तू गावभर सांगितलंस."

"सत्काराला काय, एक नारळ न् शाल. घरात चार पडल्यात." शकूबाईंनी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. "गावाचं मी बगते. देवी सपनात आली न् म्हनली, म्हाताऱ्या मान्सांनी पायांत घालून यावं, असं सांगते सकाळी भिमाआजीला. तुमी खरं सांगून ती ऐकनार हाय व्हय?"

ती ऐकणार नव्हती, हे भगीरथराव दुपारीच शिकून आले होते. तीन आठवडे ज्याने त्यांची झोप उडवली होती, त्याचा शकूबाईंनी सुपातल्या तांदळांबरोबरच निकाल लावला होता.

ते टेबलाशी परत गेले. नवा कागद घेतला. बाकी सगळं जसंच्या तसं उतरवलं, आणि त्या ठिकाणी आल्यावर न थांबता लिहिलं: 'एरवी मला अगदी बरोबर बसणाऱ्या चपला त्या दिवशी प्रवासात पाय सुजल्यामुळे घट्ट झाल्या.' त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. त्यात एक अक्षर हलवावंसं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून एक ओळ खाडाखोड न होता उतरली होती, आणि ती खोटी होती.

सकाळी शकूबाई स्वतः त्यांच्याबरोबर नाक्यावरच्या टपालपेटीपर्यंत आल्या. पाकीट फटीत घालताना भगीरथराव घुटमळले. 'आपला' लिहावं की 'आपला नम्र', हे अजून त्यांचं ठरत नव्हतं.

"टाका," शकूबाई म्हणाल्या.

त्यांनी टाकलं.