मोतिया की दुधी

मधल्या खोलीच्या भिंतीवर रंगारी भगीरथने दोन पट्टे ओढले होते: डावीकडे मोतिया, उजवीकडे दुधी. दोन्ही पांढऱ्याला चिकटून. फरक होता, पण तो ओळखायला यंत्र लागलं असतं. किंवा प्रेमाबाई.

आदेशचं लग्न आठवड्यावर आलं होतं. त्याच्या आईला, म्हणजे प्रेमाबाईंना, दुधी हवा होता. होणाऱ्या सुनेने, मनस्वीने, मुरबाडहून व्हिडिओ कॉलवर पट्टे पाहिले आणि मोतिया निवडला.

"दोनी पेजेच्या पाण्यावानी दिसतात," आदेशचे वडील कुंडलिक म्हणाले. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं, असं त्यांना सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मनस्वीचा फोन आला, "आईंना आवडतो तोच लावा."

आदेश खूश होऊन आईकडे धावला. प्रेमाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"लगेच ऐकली?"

"हो."

"रुसली नाय?"

"नाय गो."

"मंग काय तरी गोम हाय." त्या दुधी पट्ट्याजवळ गेल्या, नाक लावून पाहिलं. "ह्याच्यावर डाग उठून दिसत असतील. उद्या पावण्यांना सांगंल, आईंची पसंती! नको रे बाबा. तिचाच लाव."

आदेशने मनस्वीला कळवलं.

"काल तर त्यांना नको होता ना?"

"तुझ्यासाठी करतेय ती."

"हां! म्हणजे मी जन्मभर ऐकायचं, तुझ्यासाठी रंग सोडला. मला नाय पायजे. दुधीच लावा."

भांडण तेच राहिलं, जोरही तेवढाच. फक्त पट्ट्यांची अदलाबदल झाली. शेवटी प्रेमाबाई म्हणाल्या, "भिंतीवरून एवढा डाव खेळते, तर चुलीवरून काय करंल? हळदीच्या आधी मी तिच्या बापाशी एकदा बोलतेच."

सकाळी कामावर निघताना आदेशने भगीरथला गाठलं. "कंचाही लाव. पण हे पट्टे आज दिसता कामा नाय."

दुपारी कुंडलिकांनी फोटो पाठवला. पट्टे गेले होते, भिंत एकसारखी झाली होती. आदेशने शहापूरच्या बाजारात गेलेल्या आईला फोन केला, "मनस्वीचा मोतिया लावला." मग मनस्वीला, "आईचा दुधी लावला."

संध्याकाळी मनस्वी बांगड्यांचं माप द्यायला येणार होती, हे तो विसरला होता.

"बघ गो," प्रेमाबाई भिंतीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "तुझाच मोतिया लावलाय."

"नाय ओ आई, हा तर तुमचा दुधी."

प्रेमाबाईंनी डोळे बारीक केले. मनस्वीने भिंतीवर नख ओढून पाहिलं. मग दोघी सावकाश दाराकडे वळल्या. तिथे आदेश बूट काढत होता.

"आदेश!" आवाज दोन, पण सूर एकच.

मागच्या दारातून चहाचा कप घेऊन भगीरथ आत आला. "वैनी, त्याला हात लावू नका, प्रायमर वला हाय. कलर नक्की कंचा लावायचा ते अजून कोण बोललाच नाय."

प्रेमाबाईंनी मनस्वीसाठी खुर्ची ओढली. "बस गो. आता आपण दोघी ठरवू."

"याला विचारायचं पण नाय," मनस्वी बसता बसता म्हणाली.

"त्याला कोण विचारतंय!"

आदेश एका पायात बूट तसाच ठेवून अंगणात आला. कुंडलिक खुर्चीत बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची पुसून ठेवलेली होती.

"बस रे," ते म्हणाले. "ही तुझी."