सासऱ्यांचा दात आणि माझा जोड

मंडळी, हाडात रुजवलेला स्क्रू आणि वरचा नकली दात यांचा जोड कसा असावा, हे स्वीडनमधल्या आमच्या अख्ख्या गोथेनबर्गात माझ्याइतकं कुणाला कळत नाही! आमच्या प्रयोगशाळेतलं जोड तपासायचं यंत्र रात्रंदिवस चावत असतं, पण माझा निमुळता जोड हूं की चूं करत नाही.

तोच जोड माझ्या बायकोनं, मायकेननं, सासऱ्यांच्या समोरच्या दाताला बसवला होता. ती दातांची डॉक्टर. सासरे फोल्के ट्रम्पेट वाजवतात, आणि आमच्या लेकीच्या, टूवाच्या लग्नात, चर्चमध्ये, ते वाजवणार होते. समोरचा दात नसेल तर ट्रम्पेटमधून नुसती हवा!

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात क्रेफिशची, म्हणजे नांग्यावाल्या झिंग्यांची मेजवानी. डोक्यांवर रिवाजाप्रमाणे कागदी टोप्या, ताटांत नांग्यांचा ढीग. जो जास्त आवाज करून चोखेल तो खरा पाहुणा!

"मामा, नांगी दातानं फोडा बिनधास्त!" मी म्हणालो. "जोड माझा आहे!"

"मग बघाच, जावईबापू!"

कडाड्!

"वाहवा!" सगळे ओरडले. पेले उचलले गेले, गाणं सुरू झालं. आणि आमच्याकडे गाणं संपेपर्यंत कुणी कुणाचं ऐकत नाही. सासरे तोंड दाबून डोलत होते. आम्हाला वाटलं, रंगात आलेत!

गाणं संपलं. "हाह गेला! माझा हाह!"

"हात गेला?" व्याही सिक्स्टेन धावले. "अरे, नांगी लागली! फडकं आणा!"

सासरे "हाह! हाह!" करताहेत आणि व्याही हात गुंडाळताहेत, पार कोपरापर्यंत! शेवटी सासऱ्यांनी आ केला. समोर खिंडार!

"बाबा, आता आजोबा उद्या कसे वाजवणार?" टूवा रडायलाच लागली. मी टरफलं उपसून दात शोधून काढला. माझा जोड तर मोडणं शक्यच नव्हतं. म्हणजे जबड्याचं हाडच गेलं!

मायकेननं त्यांना खाली तिच्या दवाखान्यात नेऊन तपासलं. "हाड शाबूत आहे, हाडातला स्क्रूही. दात त्याला धरून ठेवणारा बारीक स्क्रू तेवढा तुटलाय. नवा घातला की झालं."

"पण माझ्या जोडात..."

"तुझा जोड आहेच कुठे? मी जुना षट्कोनी जोड बसवलाय. बाबांना ओळखते मी, ते काहीतरी फोडणारच! मग तुटायचं तर बारीक स्क्रू तुटू दे, हाड नको."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तू यंत्राकडे बघत 'हं हं' म्हणालास."

दुसऱ्या दिवशी ट्रम्पेट असं खणखणीत वाजलं, की मी ढसाढसा रडलो. "लेक चालली ना, बिचारा!" व्याही कुजबुजले.

छे हो! बायकोचा माझ्यावर काडीचाही विश्वास नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानत होतो!