ओढ्यात बसलेला मापक

एका जंगलात, बाळांनो, एक ओढा होता. वरच्या अंगाला अस्वलं राहायची, खालच्या अंगाला हरणं.

एकदा चित्रांगी हरिणी सिंहमहाराजांकडे आली. "महाराज, ओढ्याचं पाणी कमी झालंय. पाडसं तहानली आहेत."

"कमी म्हणजे किती?" महाराजांनी विचारलं. "मोजल्याशिवाय तहान लागतेच कशी?"

तेव्हा पाणमांजराने आपली शेपटी ओढ्यात सोडली. पाण्याबरोबर ती डोलू लागली. "धार मंदावली आहे," ते म्हणालं.

महाराजांनी नाक मुरडलं. "राज्याचं पाणी असल्या काडीने मोजायचं? मापक कसा भारदस्त हवा!"

झालं. भूधर हत्तीची नेमणूक झाली. दोन खडकांमधली अरुंद जागा बघून तो ओढ्यात ऐसपैस बसला.

ओढा थांबला.

वर पाणी तुंबलं. अस्वलांच्या गुहा बुडाल्या. खाली चित्रांगीचं पाडस कोरडे गोटे चाटू लागलं.

"काय म्हणतं मोजमाप?" महाराजांनी विचारलं.

"सोंडेकडे पूर आहे, महाराज. शेपटीकडे दुष्काळ."

महाराजांनी डोळे मिटून सरासरी काढली. "म्हणजे पाणी समाधानकारक आहे!"

चित्रांगी रडकुंडीला आली. "भूधरकाका, जरा उठा हो. लेकरू मरेल माझं."

"वेडी का काय तू? मी उठलो तर मोजणार कोण?"

पुढे महाराज स्वतः पाहणीला आले. ओढ्याच्या कोरड्या पात्रात मऊ वाळू होती. तिथेच ते पसरले. "वा! किती समाधानकारक!"

चित्रांगीने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा पाडसाकडे. मग पाडसाला घेऊन ती काठावर उंच चढली आणि हत्तीच्या कानाशी वाकली.

"काका, ऐकलंत का? तुमच्या जागी नवा मापक येतोय. तुमच्याहून भारदस्त आहे म्हणे."

"माझ्याहून? कोण तो?" भूधर ताडकन उठला आणि तरातरा काठावर आला.

धो धो पाणी सुटलं! अस्वलांच्या गुहा मोकळ्या झाल्या. पाडस पोट टम्म होईस्तोवर प्यालं. महाराज मात्र गटांगळ्या खात वाहून चालले.

"भूधर! अरे, पाणी किती आहे?" ते ओरडले.

"आता कसं सांगू, महाराज?" भूधर काठावरून ओरडला. "मोजमाप बंद आहे!"

तात्पर्य: मापक नेहमी भारदस्तच नेमावा. तो बसला की पाणी त्याच्या आज्ञेत राहतं. उठला की मन मानेल तसं वाहतं.