दरवाजातला फोटो

एक दिवस किल्ल्याच्या दरवाजात माझा फोटो लागेल, असं मी घरात छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि लागला की! पण ते शेवटी सांगतो.

किल्ल्याच्या पायथ्याशी माझा फोटो स्टुडिओ आहे. जगाचे फोटो काढण्यात हयात गेली, माझा काढावा असं मात्र कुणाला सुचलं नाही. बायको किल्ल्यावर गाईड. दिवसभर लोकांना बुरूज, तोफा, पाण्याची टाकी दाखवते आणि घरी आली की मला माझी जागा दाखवते.

तर किल्ल्यावर प्लास्टिकच्या बाटल्यांचा नुसता खच पडला होता. टाक्यात बाटल्या, झुडपात बाटल्या, तोफेच्या तोंडातसुद्धा बाटली! शेवटी पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी बजावलं, पुढच्या पाहणीपर्यंत साफ झालं नाही तर किल्ल्याला कुलूप. म्हणजे बायकोच्या कामालाही कुलूप. त्या दिवशी ती जेवताना एक अक्षर बोलली नाही. तिनं जरा गप्प बसावं असं मला कायम वाटत आलंय, पण ती खरंच गप्प बसली तेव्हा मलाच राहवेना.

"मी बघतो काय करायचं ते," मी म्हणालो.

"तुम्ही नका बघू," ती म्हणाली. तेवढ्यानंही मला बरं वाटलं.

मी गावची सभा बोलावली. टेलर, न्हावी, गॅरेजवाला, झाडून सगळे आले. दोन ठराव एकमतानं मंजूर झाले, दोन्ही माझेच. एक, सापडलेल्या बाटल्यांची माळ दरवाजात टांगायची, म्हणजे लोकांना लाज वाटेल. दोन, वर प्लास्टिक नेताना जो पकडला जाईल त्याचा फोटो दरवाजातल्या फळ्यावर लावायचा. टेलरनं लगेच फळा रंगवूनही दिला.

रविवारी माळ टांगून मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि हात जोडून विनवण्या करू लागलो, की बाबांनो, वर प्लास्टिक नेऊ नका. गर्दीच्या गोंगाटात माझं मलाच ऐकू येईना. त्यात ऊन तोंडावर, म्हणून डोळे मिटले. उघडून बघतो तर माझ्या दोन्ही बाजूंना माणसं हात जोडून, डोळे मिटून उभी! एका बाईंनी तर आपली बाटली रिकामी करून माळेला बांधलीसुद्धा.

"बाटली बांधली की मनातलं किती दिवसांत होतं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

मी घसा फोडून सांगितलं की इथं काही होत नाही. बाईंनी शेजारणीला समजावलं, की बघा, विचारलेलं यांना आवडत नाही. मी जितकं नाही म्हणत गेलो, तितका त्यांचा विश्वास वाढत गेला.

आणि नेमकी त्यांच्या लेकीला नोकरी लागली! मग काय विचारता. जन्मात बाटलीतलं पाणी न प्यायलेले लोक बाटल्या विकत घेऊन किल्ला चढू लागले. माळ दरवाजातून निघाली ती बुरुजापर्यंत गेली. नवसाची बाटली नेणाऱ्याला पकडणार कोण, त्यामुळे फळा कोराच राहिला. गुडघे धरून का होईना, सासूबाईही एक बांधून आल्या. जावयाला अक्कल यावी म्हणून, असं त्यांनी मलाच सांगितलं.

पाहणी तोंडावर आली. बायकोनं स्टुडिओत येऊन माझ्याकडे एकदा बघितलं. मग तडक दरवाजात गेली आणि खास गाईडच्या आवाजात म्हणाली, "विकतची बाटली चालत नाही. किल्ल्यावर पडलेली शोधायची आणि खाली पोत्यात नेऊन टाकायची. तरच काम होतं."

लोकांनी किल्ला अक्षरशः विंचरून काढला. गॅरेजवाला दोर लावून टाक्यात उतरला. खाली गावकरी पोती धरून उभे होते. शेवटी शेवटी तर माळेवरच्या बाटल्याही पळवल्या गेल्या.

साहेब आले, सगळीकडे फिरले, एक टोपणसुद्धा सापडलं नाही. बायकोचा चेहरा असा फुलला की मला रडूच यायचं बाकी होतं. पण किल्ला उघडा ठेवायच्या कागदावर सही करायच्या आधी साहेबांनी मला बुरुजाआड नेलं.

"माझी बदली अडलीय हो," ते कुजबुजले. "एखादी बाटली मिळेल का?"

आता आली का पंचाईत! अख्ख्या किल्ल्यावर औषधाला बाटली नाही आणि सही अजून व्हायची! मी धावत खाली गेलो, बाटली घेतली, एका दमात पाणी संपवलं, बाटली शर्टाखाली दडवली आणि धापा टाकत परत चढलो. दरवाजात बायको पिशव्या तपासत होती. मी श्वास रोखून शेजारून निघालो आणि शर्टाखाली बाटली कडकड वाजली.

तिनं माझ्याच गळ्यातला कॅमेरा काढून घेतला.

"सरळ उभे राहा," ती म्हणाली. "पोट आत घ्या."

"पोट नाही, बाटली आहे," मी म्हणालो.

तोवर तिच्या मागे येऊन उभे राहिलेले साहेब आकाशाकडे बघत होते. त्यांनी मुकाट्यानं सही केली.

किल्ला आता उघडा आहे, लख्ख आहे, आणि फळ्यावर अजूनही एकच फोटो आहे. प्रत्येक ग्रुपला बायको आधी मला दाखवते, मग किल्ला.