दस्तगीरभाऊंचं नाक

आमच्या मंगळवार पेठेत नळ सुटला की घागरीच्या आधी दस्तगीरभाऊंचं नाक नळाखाली यायचं. समोरच्याच खोलीत राहायचे. चपला करकरत यायचे. "वैनी, पेला!" पेला भरायचा, वास घ्यायचा, एका दमात प्यायचा. "पास!" म्हणाले की आम्ही घागरी लावायच्या. कुणी आधीच हंडा सरकवला तर ओरडायचे, "दमा की! नदी काय पळून चाललीय व्हय?"

पंचगंगेचं पाणी साफ करून सोडतात, त्या फिल्टर हाऊसवर त्यांनी उभी हयात नोकरी केली. मी चौथी शिकलेली. मलासुद्धा त्यांनी सगळं पाठ करून घेतलं होतं. "तुरटी गाळ बसवती, वाळू गाळून घेती, क्लोरीन जंतू मारतंय. पर शेवटचा साहेब नाक! औषधाचा बारीक वास आलाच पायजे. न्हाय आला, तर तोंडाला लावायचं न्हाय."

रिटायर झाले, बायको गेली, लेक शिरोळला दिलेली. तपासणी मात्र चालूच.

एकदा माझं दूध करपलं. वासानं शेजारीण धावत आली, आणि दस्तगीरभाऊ स्वयंपाकघराच्या दारात बसून निवांत चहा पीत होते. तेव्हा मला कळलं. औषधाच्या खोलीत जन्म गेला, नाक तिथंच जळलं.

सुनेला सांगितलं, तर ती हसायला लागली. "आत्या, नाकच न्हाय, तर तपासत्यात काय?"

"तू गप भाकरी थाप," मी म्हटलं. तपासणी गेली तर या माणसानं सकाळी कुणाच्या दारात यायचं? त्या दिवसापासून पेला मीच भरायचे आणि त्यांच्या हातात देण्याआधी वासही मीच घ्यायला लागले.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी वास आलाच नाही. घरात सुनेचं तान्हं पोर. दस्तगीरभाऊ हात पुढे करून उभे. मी पेला मोरीत ओतला.

"आज नापास. औषधाचा वास न्हाय."

त्यांचा चेहरा उतरला. पण वाद घातला नाही. "पिऊ नका! वता सगळं!" असं गल्लीभर ओरडले आणि सायकल काढून थेट फिल्टर हाऊसवर गेले. दुपारी माणसं आली, खणलं. गल्लीच्या तोंडाला पाइप फुटून गटाराचं पाणी आत शिरत होतं. आमच्या गल्लीत एकाचंही पोट बिघडलं नाही.

संध्याकाळी उंबऱ्यावर येऊन बसले. "वैनी, नाक कवाच गेलंय माझं."

"ठाऊक हाय. दूध करपलं तवाच कळलं."

"म्हणून तर आधी मी पीत हुतो. काय व्हायचं ते मला आधी हू दे."

"येडं हायसा काय? तुमचं पोट बिघडंस्तोवर आमच्या घागरी रिकाम्या व्हत्यात."

हसले नाहीत. उठून गेले. मला वाटलं, आता काही हे यायचे नाहीत.

सकाळी नळ सुटला. चपला करकरल्या. "वैनी, पेला." आवाज जरा बारीकच होता. मी वास घेतला, पेला त्यांच्या हातात दिला आणि त्यांनाच ऐकू जाईल इतपत म्हटलं, "पास."

त्यांनी एका दमात पेला संपवला, गल्लीकडे तोंड केलं आणि ओरडले, "पास! भरा गं घागरी!"