घडी खाली ठेवा!

सखारामजी घडीवाले आमच्या अकोल्याच्या घरात शिरले की आधी दिवाणखान्यातल्या उभ्या घड्याळाची विचारपूस करीत आणि मग आमचा उद्धार. एलिचपूरहून मूर्तिजापूरपर्यंत छोटी गाडी, पुढे मोठी गाडी, एवढा खटाटोप हा म्हातारा दर रविवारी कशासाठी करी? घड्याळाला आठवड्याची चावी द्यायला! चावी त्यांच्याच कनवटीला. माझ्या वडिलांना घड्याळ विकताना त्यांनी तशी अटच घातली होती.

त्यांचा राग सगळ्या जगावर. स्टेशनावरचं घड्याळ 'इंग्रजाचं कार्टं', विलायती घड्याळं विकणारे 'बेईमान', आणि नागपूरचं सरकार त्याहून बेईमान.

"माह्या बापानं हातानं पितळेची चाकं कापली, काकानं मेळघाटच्या सागाची पेटी केली, अन् तुमी तिले टोपी अडकवता? लाज वाटते का काई?"

लाज वाटायची नाही, पण टोपी काढावी लागायची.

त्यांच्या घराण्यानं केलेली बाकीची घड्याळं चांगली माणसाच्या डोक्याहून उंच. आमचंच तेवढं बुटकं. पाहुणे हसत. शेवटी वैतागून मी ते चौरंगावर चढवलं.

"कोनं चढवली हिले?" रविवारी सखारामजी दारातूनच ओरडले आणि घाम गाळत एकट्यानं ते खाली उतरवलं. मी पुन्हा चढवलं. त्यांनी पुन्हा उतरवलं. तिसऱ्यांदा मात्र माझं डोकं फिरलं.

"घड्याळ माझं आहे! यापुढे चावी मी देईन. तुम्ही येऊ नका. द्या ती इकडे!"

म्हातारा ताडकन पुढे आला. मला वाटलं, आता हात उगारतो. तर तो घड्याळाला टेकून मटकन खाली बसला.

"आमच्या घरची रीत हाय, भाऊसाहेब. सून आली का तिच्या मापाची घडी करत. तोंडासमोर तोंड, मान वर करा लागू नये. माही घरवाली बुटकी होती. थे गेली, अन् हे घडी आपली चालूच! घरात आवाज सहन होये ना, म्हून इकून टाकली. मंग आवाजाबिगर झोप येये ना."

चावीसाठी पुढे केलेला माझा हात आपोआप खाली आला. चौरंग त्याच दिवशी देवघरात गेला.

पुढच्या रविवारी ते आले, घड्याळ जमिनीवर पाहिलं आणि गरजले, "फरशी कोन पुसते इथं? धूळ दिसून राहिली!"

मग त्यांनी घड्याळाला चावी दिली. टोपी काढून जरा वाकले, तबकडीसमोर तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, "आलो वं मी."